लहान मुलांच्या आईवडिलांसाठी मृत्युपत्र आणि आयुर्विमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहान मुलं असलेल्या घरांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे घेतले आहेत. उत्तरं प्रामुख्याने महाराष्ट्रातल्या हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना धरून आहेत, कारण १९५६ चा हिंदू वारसा कायदा या चौघांनाही लागू होतो. गोवा, मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी आणि परदेशात राहणारे यांच्यासाठी वेगळा प्रश्न पुढे आहे.

आमची मुलंच आमची वारस आहेत. मग मृत्युपत्र कशाला?

मुलं वारस आहेत हे खरं, पण ती एकटी वारस नाहीत आणि ती अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची, आहेत. अडचण या दोन्हींतून येते.

नवरा मृत्युपत्र न करता वारला तर त्याची स्वकष्टार्जित मालमत्ता पहिल्या वर्गाच्या वारसांत समान वाटली जाते. त्यात पत्नी, मुलगे, मुली आणि आई येतात. (वडील दुसऱ्या वर्गात आहेत, पहिल्या वर्गातलं कोणी असेल तर त्यांना काही मिळत नाही.) समजा पुण्यातला फ्लॅट फक्त नवऱ्याच्या नावावर आहे, मागे पत्नी, सात आणि तीन वर्षांची दोन मुलं आणि आई आहे. फ्लॅट चौघांचा झाला, प्रत्येकाचा चार आण्यांचा हिस्सा. ज्या बाईने नवऱ्याबरोबर हप्ते भरले ती आता स्वतःच्या घरात पाव हिश्शाची मालकीण आहे.

आता तिला तो फ्लॅट विकून माहेरगावी लहान घर घ्यायचं आहे. अर्धा फ्लॅट अज्ञान मुलांचा असल्यामुळे, ती नैसर्गिक पालक असली तरी, १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ८ खाली न्यायालयाची आधी परवानगी लागते. विक्री, गहाण, बक्षीस, अदलाबदल आणि पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीचं भाडेपट्टा, सगळ्यालाच. विक्री मुलांच्या गरजेसाठी किंवा उघड फायद्यासाठी आहे हे न्यायालयाला पटवावं लागतं, आणि परवानगी देताना मुलांच्या हिश्शाचे पैसे ती अठरा वर्षांची होईपर्यंत मुदत ठेवीत ठेवा अशी अट घातली जाऊ शकते. परवानगीशिवाय केलेला व्यवहार मुलगा किंवा मुलगी सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत रद्द करून मागू शकते. म्हणून खरेदीदाराचा वकील आणि कर्ज देणारी बँक असा फ्लॅट हातात धरत नाहीत. सोसायटी पुनर्विकासाला निघाली की हाच पेच पुन्हा उभा राहतो.

"सासूबाई हक्कसोडपत्र करून देतील" असं गृहीत धरलं जातं. त्या देतीलही. पण त्याआधी त्या वारल्या तर त्यांचा पाव हिस्सा त्यांच्या सगळ्या मुलामुलींकडे जातो, म्हणजे दीर आणि नणंदा त्या फ्लॅटच्या सहमालक होतात. अज्ञान मुलांच्या वतीने हक्कसोडपत्र तर त्यांची आईसुद्धा परस्पर करू शकत नाही.

शेतजमिनीचंही तेच. सातबाऱ्यावर मुलांची नावं अ.पा.क. (अज्ञान मुलांचा पालक) म्हणून आईच्या नावासह लागतात आणि ती सज्ञान होईपर्यंत जमीन अडकून पडते.

मग सगळं एकमेकांच्या नावे लिहायचं? मुलांना काहीच नाही?

नवरा-बायकोचा एकमेकांवर विश्वास असेल आणि मुलं लहान असतील, तर आमचं मत स्पष्ट आहे: दोघांनी स्वतंत्र मृत्युपत्र करावं, प्रत्येकाने सगळं दुसऱ्याला द्यावं, आणि दुसरा हयात नसेल तरच ते मुलांकडे जाईल असं लिहावं. प्रेमापोटी "अर्धं मुलांना" लिहिणारे वडील नकळत वरचाच न्यायालयाचा फेरा स्वतःच्या हाताने लिहून ठेवतात.

याला दोन अपवाद आहेत. म्हातारी आई तुमच्यावर अवलंबून असेल तर तिच्यासाठी मृत्युपत्रात ठरावीक रक्कम किंवा ठेव वेगळी काढा. मृत्युपत्रात नाव नसलं की तिचा समान हिस्सा गेला, हे विसरलं जातं. दुसरं, जोडीदाराच्या पुनर्विवाहाची चिंता वाटत असेल तर घराचा फक्त हयातीपुरता हक्क जोडीदाराला आणि मालकी मुलांना, असंही लिहिता येतं. मात्र तसं केलं की घर विकायची मोकळीक जाते. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

वडिलोपार्जित मालमत्तेतला फक्त स्वतःचा हिस्सा मृत्युपत्राने देता येतो. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीही जन्मतः सहहिस्सेदार आहेत, त्यामुळे "ही सगळी जमीन माझी" असं धरून लिहिलेलं मृत्युपत्र तेवढ्यापुरतं कोसळतं.

दोघंही एकाच अपघातात गेलो तर?

मृत्युपत्राचं सगळ्यात महत्त्वाचं कलम हेच, आणि बहुतेक छापील नमुन्यांत ते नसतंच.

कोण आधी गेलं हे कळत नसेल तर हिंदू वारसा कायद्याचं कलम २१ असं धरतं की वयाने लहान व्यक्ती मागे राहिली. म्हणजे साधारणपणे नवऱ्याचं सगळं क्षणभर बायकोकडे जाऊन मग तिच्या वारसांकडे जातं. या खेळात शिरण्यापेक्षा मृत्युपत्रातच लिहावं की जोडीदार माझ्यानंतर तीस दिवस हयात असेल तरच त्याला मिळावं.

मग प्रश्न दोन उरतात: मुलांना वाढवणार कोण आणि पैसे सांभाळणार कोण. तुम्ही काहीच लिहिलं नसेल तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली कोणत्याही नातेवाइकाला न्यायालयात पालकत्वासाठी अर्ज करता येतो. दोन्हीकडच्या आजी-आजोबांनी एकाच वेळी अर्ज केला तर निकाल लागेपर्यंत विम्याचे पैसेही थांबतात.

पालक म्हणून कोणाला नेमावं?

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे वडील मृत्युपत्राने पालक नेमू शकतात, पण आई हयात असेल तर ती नेमणूक निष्प्रभ राहते, आईच पालक. आई पुढे स्वतः कोणाला न नेमता वारली तर वडिलांची नेमणूक पुन्हा जिवंत होते. आईलाही नेमणुकीचा अधिकार आहे. म्हणून दोघांच्या मृत्युपत्रांत एकच नाव असावं. नवऱ्याने स्वतःचा भाऊ आणि बायकोने स्वतःची बहीण लिहिली तर ते भांडणाचं आमंत्रण आहे.

न्यायालय मुलाचं हित सर्वांत वर ठेवतं, त्यामुळे तुमचा शब्द अंतिम नसला तरी त्याला मोठं वजन असतं. नाव ठरवताना त्या व्यक्तीला आधी विचारा. सत्तरीतल्या आजोबांना नेमत असाल तर मागे एक पर्यायी नाव ठेवा, कारण धाकटं मूल तीन वर्षांचं असेल तर ही जबाबदारी पंधरा वर्षांची आहे.

मुलाला वाढवणारा आणि पैसा सांभाळणारा वेगवेगळे ठेवता येतात, आणि रक्कम मोठी असेल तर ठेवावेतच. मावशी मुलांना घरात घेईल, दोन विश्वस्त दरमहा खर्च आणि फी तिच्याकडे देतील आणि हिशोब ठेवतील. असा ट्रस्ट मृत्युपत्रातूनच तयार होऊ शकतो, तुमच्या हयातीत वेगळा नोंदवायची गरज नाही. ट्रस्टचा दुसरा फायदा वयाचा. तो नसेल तर मूल अठरा वर्षांचं झालं की सगळी रक्कम त्याच्या हातात. बारावी झालेल्या मुलाच्या खात्यात दोन कोटी रुपये येणं कोणाच्याच हिताचं नाही. एकविसाव्या वर्षी शिक्षणापुरतं, पंचविसाव्या वर्षी उरलेलं, असे टप्पे ट्रस्टमध्येच घालता येतात.

मसुदा कसा असावा?

साधा. दोन पानांत बसतो. मधला गाभा साधारण असा:

"माझी आज असलेली व यापुढे होणारी सर्व स्थावर व जंगम मालमत्ता माझ्या मृत्यूनंतर माझी पत्नी हिला पूर्ण मालकीने मिळावी. ती माझ्या आधी किंवा माझ्या मृत्यूपासून तीस दिवसांच्या आत वारल्यास ही सर्व मालमत्ता खाली नेमलेल्या विश्वस्तांकडे जावी व त्यांनी ती माझ्या मुलांचे पालनपोषण, शिक्षण व औषधोपचार यांसाठी वापरावी. प्रत्येक मुलाचे वय पंचवीस पूर्ण झाल्यावर त्याचा हिस्सा त्यास द्यावा. माझी मुले म्हणजे माझ्या मृत्यूच्या वेळी हयात असलेली माझी सर्व अपत्ये, मग त्यांचा जन्म या मृत्युपत्रानंतर झालेला असो."

शेवटचं वाक्य गाळू नका. थोरलीच्या जन्मानंतर मृत्युपत्र केलं आणि धाकट्याचं नाव त्यात नाही, ही चूक फार दिसते. "यापुढे होणारी" हे शब्दही तितकेच गरजेचे, नाहीतर नंतर घेतलेला प्लॉट बाहेर राहतो. याशिवाय मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा व्यवस्थापक आणि त्याला पर्यायी व्यक्ती, पालकाचं आणि विश्वस्तांचं पूर्ण नाव-पत्ता, आणि मालमत्तेची यादी (फ्लॅटचा दस्त क्रमांक, गट नंबर, डिमॅट, ठेवी) जोडावी.

सह्या कशा करायच्या? नोटरी पुरते का?

१९२५ च्या भारतीय वारसा कायद्याचं कलम ६३ नीट पाळलं तर साध्या कागदावरचं मृत्युपत्रही चालतं. स्टॅम्प पेपर लागत नाही. तुम्ही सही करायची, आणि तुम्हाला सही करताना पाहिलेल्या किमान दोन साक्षीदारांनी तुमच्यासमोर सही करायची. त्यांनी मजकूर वाचलाच पाहिजे असं नाही. साक्षीदारांच्या दोन सह्या नसतील तर नोटरीच्या शिक्क्याने ती उणीव भरून निघत नाही.

तिघंही एकाच वेळी एका खोलीत असावेत. प्रत्येक पानावर तुमची सही, शेवटी तारीख, ठिकाण, साक्षीदारांची नावं, वयं आणि पत्ते. खाडाखोड झाली तर त्या जागी सगळ्यांच्या सह्या, नाहीतर पान पुन्हा छापा. ज्याला काही मिळणार आहे त्याला किंवा त्याच्या जोडीदाराला साक्षीदार करू नका. ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांत तर अशा साक्षीदाराला दिलेली देणगी रद्दच होते. साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण आणि सापडण्यासारखे असावेत, कारण पुढे वाद झाला तर त्यांच्यापैकी किमान एकाला न्यायालयात साक्ष द्यावी लागते. फॅमिली डॉक्टरांचं "शुद्धीवर व सुस्थितीत" असं त्याच तारखेचं प्रमाणपत्र जोडलं तर चांगलंच.

मोबाइलवरचा व्हिडिओ, ईमेल किंवा डिजिटल सही केलेली पीडीएफ म्हणजे मृत्युपत्र नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायद्याने मृत्युपत्र डिजिटल दस्तांतून वगळलेलं आहे.

नोंदणी करावी का?

सक्ती नाही, मुद्रांक शुल्कही नाही. तरी करावी. दुय्यम निबंधक कार्यालयात दोन साक्षीदार, ओळखपत्रं आणि फोटो घेऊन गेलं की काम होतं. आजारी माणसासाठी अधिकारी घरीही येऊ शकतात. "सही खोटी आहे" किंवा "त्या दिवशी ते शुद्धीवर नव्हते" या आरोपांची धार नोंदणीने बरीच बोथट होते. पण नोंदणी झाली म्हणजे मृत्युपत्र अजिंक्य झालं असं नाही, आणि नोंदवलेलं मृत्युपत्र नंतरच्या साध्या, न नोंदवलेल्या मृत्युपत्रानेही रद्द होतं.

मुंबईतल्या मालमत्तेसाठी प्रोबेटची (मृत्युपत्र खरं असल्याच्या न्यायालयीन दाखल्याची) सक्ती अनेक दशकं होती. डिसेंबर २०२५ मध्ये भारतीय वारसा कायद्याचं कलम २१३ वगळण्यात आल्याने ती उठली. वाद असेल तर प्रोबेट अजूनही मागता येतं.

सगळीकडे नॉमिनी लावलेत. तेवढं पुरे नाही का?

नाही. नॉमिनी म्हणजे पैसे ज्याच्या हाती द्यायचे तो. ते कोणाचे हे वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवतं. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ मध्ये विम्याबद्दल आणि २०२३ मध्ये शेअर्सबद्दल स्पष्ट केलं. सोसायटीतला नॉमिनीही वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद असतो.

आयुर्विम्यात २०१५ पासून थोडं वेगळं आहे. नॉमिनी जोडीदार, मुलं किंवा आईवडील असतील तर तो "लाभार्थी नॉमिनी" ठरतो आणि पैशावर त्याचाच हक्क असतो. म्हणून लग्नाआधी घेतलेल्या पॉलिसीत आईचं किंवा वडिलांचं नाव तसंच राहिलं असेल तर बायको-मुलांना त्यातून काही मिळेल हे धरून चालू नका. आजच बदला. ईपीएफमध्ये (नोकरदारांचा भविष्य निर्वाह निधी) लग्नापूर्वीचं नामनिर्देशन लग्नानंतर आपोआप रद्द ठरतं, पण नवीन कोणी भरतच नाही. बँक ठेवींना १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात. पॉलिसी, बँक आणि मृत्युपत्र या तिन्ही ठिकाणी एकच मेळ ठेवा. वेगळी नावं म्हणजे वेगळे दावे.

विमा किती रकमेचा घ्यावा?

"पगाराच्या दहापट" हा एजंटचा ठोकताळा आहे. स्वतःचा हिशोब करा. एक उदाहरण: कमावता माणूस पस्तीस वर्षांचा, धाकटं मूल चार वर्षांचं.

घरखर्चातून त्याचा स्वतःचा खर्च वजा करून उरतात महिना ६०,००० रुपये, म्हणजे वर्षाला ७ लाख २० हजार. धाकटं मूल चोवीसचं होईपर्यंत वीस वर्षं: १ कोटी ४४ लाख. गृहकर्ज शिल्लक ३५ लाख. दोघांचं उच्च शिक्षण आजच्या भावाने ४० लाख. बेरीज २ कोटी १९ लाख. त्यातून आज असलेल्या ठेवी आणि म्युच्युअल फंडांचे २० लाख वजा. म्हणजे साधारण २ कोटींचा टर्म इन्शुरन्स (ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा विमा).

यात महागाई कुठे गेली? मिळालेल्या रकमेवर करानंतर महागाईइतकंच व्याज सुटेल असं धरलंय, म्हणून दोन्ही एकमेकांना कापतात. हे गृहीतक आशावादीच आहे. जोडीदाराला गुंतवणुकीची सवय नसेल तर रक्कम वाढवून घ्या. राहतं घर वजा करू नका. ते विकून खायचं नाहीये.

मुदत धाकटं मूल पंचवीसचं होईपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत, जे नंतर येईल ते. पंच्याऐंशीव्या वर्षापर्यंतचं संरक्षण विकणारे भेटतील. तोवर मुलांनाच नातवंडं झालेली असतील. "हप्त्याचे पैसे परत" हा प्रकारही टाळा, त्यासाठी हप्ता बराच वाढवलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी नाही.

मुलांच्या नावाने चाइल्ड प्लॅन घेतला आहे. तो चालेल?

आधी पाहा, विमा कोणाच्या जिवावर आहे. मुलाच्या जिवावर असेल तर त्यातून मुलाचं संरक्षण होत नाही; कमावतं कोण गेलं तर घर अडतं, तो प्रश्न आहे. आईवडिलांपैकी एकाच्या जिवावर असेल आणि त्यात "मृत्यूनंतर पुढचे हप्ते माफ" ही तरतूद असेल तर बरं. पण अशा बचतीच्या पॉलिसींत विमा रक्कम बहुधा वार्षिक हप्त्याच्या दहापट असते. वर्षाला ५०,००० भरून ५ लाखांचं कवच. त्याच हप्त्यात निरोगी, तंबाखू न खाणाऱ्या पस्तिशीतल्या माणसाला टर्म पॉलिसीत कोटींच्या घरातलं कवच मिळतं.

नॉमिनी म्हणून मुलाचं नाव दिलंय. अपॉइंटी म्हणजे काय?

नॉमिनी अज्ञान असेल तर त्याच्या वतीने पैसे घेणारी सज्ञान व्यक्ती म्हणजे अपॉइंटी. ही जागा रिकामी असेल तर कंपनी न्यायालयाचं पालकत्व प्रमाणपत्र मागू शकते. सामान्यतः जोडीदार नॉमिनी आणि मुलं त्यानंतर, ही रचना बरी. एकल पालकांनी मात्र अपॉइंटीचं नाव मृत्युपत्रातल्या विश्वस्ताशी जुळतं ठेवावं.

धंद्यात कर्ज आहे, मित्राला जामीनही राहिलोय. विम्याचे पैसे देणेकरी नेतील?

इथे १८७४ च्या विवाहित महिला मालमत्ता कायद्याचं कलम ६ उपयोगी पडतं. पॉलिसी घेतानाच त्या फॉर्मवर पत्नी आणि/किंवा मुलं लाभार्थी म्हणून लिहिली की ती रक्कम त्यांच्यासाठीचा ट्रस्ट बनते. सावकार, बँक, पतसंस्था कोणीही त्यावर जप्ती आणू शकत नाही. (देणेकऱ्यांना बुडवण्याच्या हेतूने पॉलिसी घेतल्याचं सिद्ध झालं तर मात्र हे संरक्षण मिळत नाही.)

दोन गोष्टी लक्षात ठेवा. चालू पॉलिसीला हे नंतर जोडता येत नाही, प्रस्ताव भरतानाच करावं लागतं. आणि एकदा लिहिलेली नावं तुम्हाला परस्पर बदलता येत नाहीत, पुढे घटस्फोट झाला तरीही. तारण म्हणून ही पॉलिसी बँकेला देता येत नाही. धंदेवाल्यांसाठी आम्ही हीच वाट सुचवतो.

कंपनीचा ग्रुप विमा आणि गृहकर्जाचा विमा आहेच की.

ग्रुप विमा नोकरीबरोबर जातो. ईपीएफ सदस्यांना ईडीएलआय योजनेतून कमाल ७ लाख मिळतात. प्रधानमंत्री जीवन ज्योती योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत २ लाख, पण प्रवेश पन्नाशीपर्यंतच. या सगळ्या रकमा जमेस आहेत, पाया नव्हेत. गृहकर्जाबरोबर गळ्यात मारलेला विमा बहुधा एकरकमी हप्त्याचा असतो, तो हप्ताही कर्जात मिळवलेला असतो, आणि कर्जाबरोबर कवच उतरत जातं. पैसे आधी बँकेला जातात. टर्म पॉलिसीत कर्ज फेडायचं की आधी फी भरायची हे घरचे ठरवतात.

प्रस्ताव अर्जात कोणत्या चुका होतात?

अर्ज एजंट भरतो आणि सगळ्या प्रश्नांना "नाही" लिहितो. सही तुमची असते. मधुमेह, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया, आधीच्या पॉलिसी, नाकारलेला प्रस्ताव, सगळं लिहा. तंबाखूच्या रकान्यात सिगारेट नाही म्हणून "नाही" लिहू नका. गुटखा, मिश्री, तपकीर हेही तंबाखूच, आणि लघवीच्या तपासणीत निकोटिनचा अंश सापडतो. हप्ता वाढेल, पण क्लेम टिकेल.

विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांनंतर कोणत्याही कारणाने पॉलिसीला आव्हान देता येत नाही. पण बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केली की ही तीन वर्षं नव्याने मोजली जातात. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची, मासिकाला १५ दिवसांची सवलत असते. बँक खात्यातून आपोआप वळता होणारा हप्ता ठेवला तर ही वेळच येत नाही. पॉलिसी हाती आल्यावर अर्जाची प्रत वाचा. न पटल्यास ३० दिवसांत परत करता येते.

बायको कमावत नाही. तिचा विमा, तिचं मृत्युपत्र?

मृत्युपत्र हवंच. स्त्रीधन, तिच्या नावची ठेव, माहेरच्या जमिनीतला हिस्सा हे सगळं तिचं आहे. विमा कंपन्या गृहिणीला मर्यादित रकमेपर्यंतच कवच देतात आणि ते बहुधा नवऱ्याच्या कवचाशी जोडतात. जेवढं मिळेल तेवढं घ्या: ती गेली तर पाळणाघर, स्वयंपाक आणि आजारी सासूचं पाहणं यांना महिन्याला पैसे मोजावे लागतात.

घटस्फोट झाला आहे. मुलाचे पैसे माजी नवऱ्याच्या हाती जाऊ नयेत.

तुमच्या पश्चात वडील म्हणून मुलाचा ताबा त्यांच्याकडे जाण्याची शक्यता आहे, ती मृत्युपत्राने पुसता येत नाही. पैसा मात्र वेगळा ठेवता येतो. सगळं ट्रस्टमध्ये, विश्वस्त तुमच्या विश्वासातले, विम्याचा अपॉइंटी त्यांच्यापैकीच एक. मुलाला थेट नावाने काही ठेवू नका. जुन्या पॉलिसी आणि ठेवींवरचं माजी जोडीदाराचं नाव आधी काढा. घटस्फोटाने ते आपोआप जात नाही.

दुसऱ्या लग्नात जोडीदाराचं आधीचं मूल सहसा तुमचं कायदेशीर वारस नसतं, ते दत्तक घेतलं नसेल तर. त्याला द्यायचं असेल तर मृत्युपत्रातच.

मुलाला बौद्धिक अपंगत्व आहे. तो अठराचा झाल्यावर काय?

आईवडिलांचं कायदेशीर पालकत्व अठराव्या वर्षी संपतं, मुलाची गरज मात्र संपत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून पालक नेमून घ्यावा लागतो. मूल अठरा पूर्ण होताच आईवडिलांनी स्वतःसाठीच तो अर्ज करावा आणि पुढच्या पालकाचं नाव मृत्युपत्रात लिहावं. ट्रस्ट इथे अनिवार्य समजा, आणि त्याला वयाची मर्यादा घालू नका. भावंडाच्या नावावर "तो बघेल" म्हणून सगळं करणं धोक्याचं: ते भावंड उद्या कर्जबाजारी झालं किंवा वारलं तर तो पैसा त्याच्या वारसांचा.

गोवा, इतर धर्म, परदेश?

गोव्यात मृत्युपत्र खास नोटरीपुढे करावं लागतं, आणि मुलं किंवा आईवडील असतील तर मालमत्तेचा अर्धाच भाग मर्जीने देता येतो. उरलेला अर्धा त्यांचा राखीव असतो. गोवेकरांना हाच कायदा गोव्याबाहेरच्या भारतातल्या मालमत्तेलाही लागू होतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं. मुस्लिम व्यक्तीला कर्ज आणि अंत्यविधीचा खर्च वजा जाता एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने देता येतं, म्हणून तिथे विम्याचं महत्त्व अधिक. ख्रिस्ती आणि पारशी व्यक्तीचं लग्नाआधीचं मृत्युपत्र लग्नाने रद्द होतं.

परदेशात राहणाऱ्यांनी त्या देशासाठी वेगळं आणि भारतातल्या मालमत्तेसाठी वेगळं मृत्युपत्र करावं. दुसऱ्यात "माझी पूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द" हे वाक्य नमुन्यातून जसंच्या तसं उतरलं की पहिलं मृत्युपत्र गेलं. "फक्त भारतातील मालमत्तेपुरती" हे शब्द घाला.

मूळ प्रत कुठे ठेवावी?

फक्त तुमच्या नावावरच्या लॉकरमध्ये नको. तो उघडण्यातच वेळ जातो. घरात, जोडीदाराला माहीत असलेल्या जागी, आणि व्यवस्थापकाकडे एक झेरॉक्स. सोबत एक पान: पॉलिसी क्रमांक, बँका, डिमॅट, ईपीएफचा यूएएन, कर्जं, कोणाला उसने दिले, कोणाकडून घेतले. पासवर्ड लिहू नका. नवं अपत्य, नवं घर, पालकाचा किंवा विश्वस्ताचा मृत्यू, घटस्फोट, यानंतर मृत्युपत्र नव्याने करा. पुरवण्या जोडत बसण्यापेक्षा ते सोपं.

मृत्यूनंतर पहिल्या महिन्यात काय करायचं?

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करून दाखल्याच्या दहा-बारा प्रती घ्या. अपघात असेल तर एफआयआर, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल जपा. व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने) राखून ठेवला असेल तर त्या अहवालाशिवाय क्लेम पुढे सरकत नाही. विमा कंपनीला क्लेम फॉर्म, मूळ पॉलिसी, नॉमिनीचं केवायसी आणि रद्द केलेला चेक. चौकशीची गरज नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तर ४५ दिवसांत निकाल अपेक्षित आहे. शेतजमीन असेल तर तीन महिन्यांत तलाठ्याकडे वारसाची वर्दी द्या. मृत्युपत्र नसेल आणि बँक वारस दाखला मागत असेल तर तो दिवाणी न्यायालयातून १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली मिळतो. ठेवी आणि शेअर्ससाठी वारसा प्रमाणपत्र वेगळं.

क्लेम नाकारला तर?

नकाराचं कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येतं. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे इथे कार्यालयं आहेत. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. पटला नाही तर ग्राहक आयोगाचं दार उघडं राहतं. ५० लाखांवरचा दावा असेल तर थेट ग्राहक आयोग किंवा दिवाणी न्यायालय.